क्रोमबुक

क्रोमबुक हा गूगल कंपनीच्या क्रोमओएस या संचालन प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉप संगणकांचा एक प्रकार आहे. सर्वसाधारण लॅपटॉपवर प्रत्येक कामासाठी वेगळे सॉफ्टवेअर बसवावे लागते. क्रोमबुकवर मात्र बहुतेक कामे क्रोम या न्याहाळकात, म्हणजेच ब्राउझरमध्ये, संकेतस्थळे उघडून केली जातात आणि तयार झालेल्या धारिका बहुधा कंपनीच्या दूरस्थ सर्व्हरवर साठवल्या जातात. त्यामुळे साध्या प्रोसेसरवर आणि थोड्या साठवणक्षमतेतही हे यंत्र कामचलाऊ वेगाने चालते व तुलनेने स्वस्त पडते. पहिले क्रोमबुक १५ जून २०११ रोजी विक्रीस आले. एसर, सॅमसंग, एचपी, लेनोवो, डेल, आसूस इत्यादी कंपन्यांनी आजवर क्रोमबुक तयार केले आहेत. संचालन प्रणाली आणि तिची अद्ययावतने मात्र सर्वांसाठी गूगलकडूनच येतात.

घरगुती वापरासाठी क्रोमबुक पुरेसा आहे की नाही, हा या यंत्राविषयीचा सर्वांत जुना वाद आहे. २०११ मध्ये या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी नकारार्थी होते. त्यानंतर यंत्रात जेवढा बदल झाला, त्याहून अधिक बदल घरातील कामांच्या स्वरूपात झाला. ही कामे एकामागून एक संकेतस्थळांवर गेली.

पूर्वपीठिका

संगणक हलका व स्वस्त ठेवावा आणि जड कामे दूरच्या सर्व्हरवर सोपवावीत, ही कल्पना क्रोमबुकहून जुनी आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यास ओरॅकल कंपनीचे प्रमुख लॅरी एलिसन यांनी ‘नेटवर्क कॉम्प्युटर’ या नावाने तिचा हिरिरीने पुरस्कार केला होता. त्या काळी घरोघरी इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून येत असे. पायाच कच्चा असल्याने ती इमारत उभी राहिली नाही. पुढे २००७ मध्ये आसूसच्या ‘ई पीसी’पासून छोट्या, स्वस्त नेटबुकांची लाट आली. परंतु पूर्ण विंडोज पेलताना या यंत्रांची दमछाक होई आणि ग्राहकांचा भ्रमनिरास झाला. क्रोमबुकने नेटबुकाची किंमत आणि नेटवर्क कॉम्प्युटरची कल्पना एकत्र आणली.

इतिहास

गूगलने क्रोम न्याहाळक सप्टेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यावर आधारित संचालन प्रणालीची घोषणा जुलै २००९ मध्ये केली. क्रोमचे काम पाहणारे सुंदर पिचाई हे या घोषणेतील एक प्रमुख नाव होते. तेच पुढे कंपनीचे मुख्याधिकारी झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रणालीचा मुक्तस्रोत भाग ‘क्रोमियम ओएस’ या नावाने खुला करण्यात आला. तिचा गाभा लिनक्सचा आहे. डिसेंबर २०१० मध्ये ‘सीआर-४८’ हे काळ्या रंगाचे, कोणतेही बोधचिन्ह नसलेले प्रायोगिक यंत्र परीक्षकांना वाटण्यात आले. हे नाव क्रोमियम मूलद्रव्याच्या एका समस्थानिकावरून घेतले होते.

विक्रीस आलेल्या पहिल्या दोन यंत्रांपैकी सॅमसंगच्या ‘सिरीज ५’ची अमेरिकेतील किंमत ४२९ डॉलरपासून सुरू होत होती, तर एसरचे यंत्र ३४९ डॉलरला होते. एवढ्या पैशांत विंडोजचा बरा लॅपटॉप मिळत असल्याने समीक्षकांनी ही यंत्रे महाग ठरवली. चित्र पालटले ते ऑक्टोबर २०१२ मध्ये. मोबाइल फोनमध्ये असतो तशा एआरएम प्रकारच्या प्रोसेसरवर चालणारा, पंखा नसलेला सॅमसंगचा क्रोमबुक २४९ डॉलरला मिळू लागला आणि ‘घरातला दुसरा संगणक’ ही क्रोमबुकची ओळख तयार झाली. दुसऱ्या टोकाला गूगलने २०१३ मध्ये १,२९९ डॉलरचा ‘क्रोमबुक पिक्सेल’ काढला. त्याचा पडदा उत्कृष्ट होता, पण त्या किमतीत केवळ न्याहाळक कशाला घ्यायचा, या प्रश्नाने त्याची पाठ सोडली नाही.

यानंतर प्रणालीच्या मर्यादा टप्प्याटप्प्याने सैल होत गेल्या. २०१६ मध्ये अँड्रॉइडची अॅप्स चालवण्याची सोय जाहीर झाली. २०१८ मध्ये लिनक्सचे प्रोग्राम चालवण्याची सोय आली. अमेरिकेतील शाळांनी क्रोमबुक मोठ्या प्रमाणावर स्वीकारले आणि कोविड-१९ साथीच्या काळात, २०२० मध्ये, शिक्षण घरात आल्यामुळे मागणीला उधाण आले. साथ ओसरताच, २०२१ च्या उत्तरार्धापासून, विक्री झपाट्याने घसरली. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने ‘क्रोमबुक प्लस’ ही वरची श्रेणी आणली. तिच्यासाठी किमान ८ जीबी रॅम, १२८ जीबी साठवण आणि पूर्ण एचडी पडदा बंधनकारक करण्यात आला.

रचना आणि कार्यपद्धती

क्रोमबुक सुरू होताना प्रत्येक वेळी संचालन प्रणालीची तपासणी होते. तिच्यावर कंपनीची डिजिटल सही असते. कोणी तिच्यात ढवळाढवळ केल्याचे आढळले, तर यंत्र ती प्रत नाकारते व दुरुस्तीच्या मार्गाला लागते. यंत्रात प्रणालीच्या दोन प्रती ठेवलेल्या असतात. एकीवर काम चालू असताना दुसरी पार्श्वभूमीवर अद्ययावत होते आणि पुढच्या वेळी यंत्र नव्या प्रतीवरून सुरू होते. त्यामुळे ‘अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका’ अशा पाटीसमोर ताटकळत बसण्याची वेळ सहसा येत नाही. प्रत्येक वापरकर्त्याची माहिती स्वतंत्रपणे कूटबद्ध केलेली असते आणि न्याहाळकाचा प्रत्येक कप्पा इतरांपासून वेगळा ठेवला जातो. विंडोजसाठी लिहिलेले विषाणू या यंत्रावर चालतच नाहीत, त्यामुळे वेगळा अँटिव्हायरस विकत घ्यावा लागत नाही. बनावट संकेतस्थळाला पासवर्ड देऊन बसणाऱ्याला मात्र कोणतीही संचालन प्रणाली वाचवू शकत नाही.

कळफलकही थोडा निराळा असतो. एफ-१ ते एफ-१२ या कळांच्या जागी मागे जाणे, पान ताजे करणे, आवाज व प्रकाश कमीजास्त करणे अशा कळा असतात आणि कॅप्स लॉकच्या जागी शोधाची कळ असते. विंडोजवर टंकलेखनाची सवय झालेल्यांना पहिले काही दिवस ही अदलाबदल बोटांना खटकते.

यंत्र बिघडल्यास ‘पॉवरवॉश’ या सोयीने ते काही मिनिटांत मूळ स्थितीत आणता येते. गावोगावच्या दुरुस्ती दुकानांत संगणकाच्या बहुतेक व्याधींवर ‘विंडोज मारणे’ हा एकच रामबाण उपाय असतो. क्रोमबुकमध्ये तोच उपाय मालकाला घरबसल्या, फुकट करता येतो. उलट पडदा फुटला वा बॅटरी गेली, तर सुटे भाग मिळणे विंडोजच्या लोकप्रिय मॉडेलांइतके सोपे नसते. स्वस्त मॉडेलांत रॅम आणि साठवण मुख्य पटलावरच डाखलेली असते, त्यामुळे ती पुढे वाढवता येत नाही.

घरगुती वापर

पत्रव्यवहार, बातम्या, चित्रफिती, दृक्श्राव्य संवाद, वीजबिल व मालमत्ता कर भरणे, नेट बँकिंग, रेल्वेचे आरक्षण, महाविद्यालयीन प्रवेशाचे व शिष्यवृत्तीचे अर्ज, सातबारा उतारा पाहणे ही सर्व कामे न्याहाळकात होतात. ज्या घरात संगणकाचा उपयोग एवढ्यापुरताच आहे, तिथे क्रोमबुक विंडोजच्या तेवढ्याच किमतीच्या यंत्राहून सहसा चपळ ठरतो. पंधरा-वीस हजार रुपयांच्या विंडोज लॅपटॉपमध्ये ४ जीबी रॅम असल्यास बरीचशी शक्ती संचालन प्रणालीच गिळून टाकते. क्रोमओएसची भूक कमी असते. मात्र ४ जीबी रॅमवर दृक्श्राव्य वर्ग चालू असताना शेजारी दहा-बारा कप्पे उघडे ठेवले, तर क्रोमबुकही अडखळतो.

वयस्कर व्यक्तींसाठी हे यंत्र विशेष सोयीचे मानले जाते. नकळत काही भलतेच सॉफ्टवेअर बसून यंत्र मंदावण्याचा धोका त्यात कमी असतो. एकाच यंत्रावर घरातील प्रत्येकाला वेगळे खाते ठेवता येते, पाहुण्यासाठी तात्पुरते खाते उघडता येते आणि मुलांच्या खात्यावर ‘फॅमिली लिंक’द्वारे वेळेचे व संकेतस्थळांचे बंधन घालता येते.

अडचण सुरू होते ती कामांच्या यादीतील शेवटच्या एक-दोन ओळींपाशी. घरातील नव्वद टक्के कामे न्याहाळकात होत असतील आणि उरलेले एक काम होत नसेल, तर त्या एका कामासाठी दुसरा संगणक शोधावा लागतो. भारतीय घरांत अशी कामे ठरावीक आहेत. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेले आहे. घरून दुकानाची वा सोसायटीची खाती लिहिणाऱ्यास क्रोमबुक थेट उपयोगाचा नाही. ई-निविदा व काही वैधानिक विवरणपत्रांसाठी लागणारे डिजिटल सहीचे यूएसबी टोकन चालवण्यास विशिष्ट ड्रायव्हर लागतात व तेही बहुधा विंडोजसाठीच असतात. अभियांत्रिकी व वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना लागणारी ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स यांसारखी सॉफ्टवेअरे पूर्ण स्वरूपात क्रोमओएसवर बसत नाहीत. प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांची स्थिती बरी आहे. लिनक्सच्या सोयीमुळे पायथन, सी यांसारख्या भाषांत काम करता येते, फक्त यंत्रात पुरेशी साठवण हवी.

मायक्रोसॉफ्ट ऑफिसची संगणकावर बसणारी आवृत्ती क्रोमबुकवर चालत नाही. त्याची वेब आवृत्ती किंवा गूगलचे डॉक्स व शीट्स वापरावे लागतात. अर्ज, पत्र, साधा तक्ता यांसाठी ती पुरेशी आहेत. एक्सेलमधील मॅक्रो असलेल्या मोठ्या धारिका मात्र त्यांत जशाच्या तशा चालत नाहीत. महाराष्ट्रात हा मुद्दा गौण नाही. येथील कित्येकांची संगणकाशी पहिली ओळख पुण्याच्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमातून, म्हणजे विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधून झालेली आहे. त्यांच्या दृष्टीने संगणक येणे आणि ऑफिस येणे यांत फारसा फरक नसतो.

छपाईबाबतही खरेदीपूर्वी चौकशी आवश्यक ठरते. पूर्वी क्रोमबुकची छपाई ‘गूगल क्लाउड प्रिंट’ या सेवेतून होत असे. ती ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद करण्यात आली. वाय-फायवर चालणारे नवे मुद्रक आता थेट जोडता येतात. जुन्या यूएसबी मुद्रकांपैकी काही चालतात, काही चालत नाहीत.

इंटरनेट आणि साठवण

इंटरनेट नसल्यास क्रोमबुक निरुपयोगी होतो, हा समज आता अर्धाच खरा आहे. डॉक्स, शीट्स व जीमेल यांची जोडणीविना काम करण्याची सोय आधी सुरू करून ठेवली असेल, तर लिहिणे-वाचणे चालू राहते आणि जोडणी परतल्यावर सर्व धारिका जुळून येतात. उतरवून ठेवलेल्या चित्रफिती व पीडीएफ धारिकाही पाहता येतात. भारनियमनाच्या वेळी लॅपटॉपची बॅटरी चालू असते, पण घरातील राउटर बंद पडलेला असतो. अशा वेळी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम निभावते. ज्या गावात मोबाइलची रेंजच अधूनमधून येते, तेथे मात्र या यंत्राचा मूळ आधारच डळमळीत असतो.

स्वस्त मॉडेलांत साठवण ३२ किंवा ६४ जीबीची असते आणि तिचा बराच भाग प्रणालीच्या दोन प्रती व अॅप्स व्यापतात. लग्नाचे छायाचित्रण, मुलांचे जुने फोटो असा संग्रह तेथे मावत नाही. गूगल खात्यासोबत १५ जीबी जागा मोफत मिळते. परंतु ती जीमेल, ड्राइव्ह आणि जून २०२१ पासून फोटो यांमध्ये मिळून वापरायची असते. ती भरली की दरमहा शुल्क सुरू होते. किमतीचा हिशेब करताना हा खर्च बहुतेकदा राहून जातो. बाह्य हार्ड डिस्क जोडणे हा त्यावरचा साधा पर्याय आहे आणि एकाच खात्यावर सर्व भिस्त न ठेवण्याच्या दृष्टीनेही तो हिताचा आहे. खात्याचा पासवर्ड हरवला किंवा खाते बंद झाले, तर यंत्र समोर असूनही त्यातील माहितीला हात लावता येईलच असे नाही.

मराठीतील काम

क्रोमओएसमध्ये युनिकोड देवनागरी पहिल्यापासून नीट दिसते. प्रणालीची भाषा मराठी ठेवता येते आणि मराठी टंकनाची सोयही उपलब्ध आहे. युनिकोडमध्ये लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला, शिक्षकाला वा पत्रकाराला त्यामुळे अडचण येत नाही.

जुन्या मराठी धारिकांचा प्रश्न वेगळा आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठीतील अक्षरजुळणी श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींतून व त्यांच्या खास फॉन्टांतून होत असे. दोहोंची जन्मभूमी पुणे. आयएसएम सी-डॅकची निर्मिती. मुद्रणव्यवसायात त्यांचा वापर पुढेही टिकून राहिला. या धारिका योग्य फॉन्टाशिवाय उघडल्यास रोमन अक्षरांची गिचमिड दिसते आणि क्रोमओएसवर ते फॉन्ट नेहमीच्या पद्धतीने बसवता येत नाहीत. घरून पुस्तकांची किंवा लग्नपत्रिकांची जुळणी करणाऱ्यांसाठी क्रोमबुक या एका कारणाने बाद ठरतो.

अद्ययावतनाची मुदत

प्रत्येक क्रोमबुकला अद्ययावतने मिळण्याची अंतिम तारीख ठरलेली असते. ही मुदत ग्राहकाने यंत्र घेतल्याच्या दिवसापासून नव्हे, तर त्या हार्डवेअरची घडण प्रथम बाजारात आल्यापासून मोजली जाते. दुकानात तीन वर्षे पडून असलेला क्रोमबुक सवलतीत घेणाऱ्याला म्हणूनच तेवढी वर्षे कमी मिळतात, आणि खोक्यावर ही गोष्ट ठळकपणे छापलेली नसते. मुदत संपल्यावर यंत्र बंद पडत नाही. पण न्याहाळक जुना होत जातो, सुरक्षेतील त्रुटी बुजवल्या जात नाहीत आणि हळूहळू काही संकेतस्थळे नीट चालेनाशी होतात. ज्या यंत्राचे सर्व काम न्याहाळकातच होते, त्याच्या दृष्टीने ही गोष्ट मोठी आहे.

सुरुवातीच्या काळात ही मुदत पाच वर्षांच्या आसपास होती, पुढे ती साडेसहा आणि २०२० पासून काही नव्या यंत्रांसाठी आठ वर्षांपर्यंत गेली. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेतील ‘पिर्ग’ या ग्राहक संघटनेने एका अहवालात शाळांमधील चालू स्थितीतले क्रोमबुक केवळ मुदतीपायी भंगारात जात असल्याकडे लक्ष वेधले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गूगलने मुदत दहा वर्षे केली. २०२१ व त्यानंतर आलेल्या यंत्रांना ती आपोआप लागू होते आणि त्याआधीच्या बऱ्याच यंत्रांच्या मालकांना वाढीव मुदत निवडण्याची मुभा आहे. प्रत्येक यंत्राची तारीख सेटिंग्जमधील प्रणालीविषयीच्या पानावर पाहता येते. जुना क्रोमबुक विकत घेताना त्याच्या कोपऱ्यावरचे ओरखडे तपासण्याआधी ही तारीख तपासणे अधिक उपयोगाचे असते.

आपोआप येणाऱ्या अद्ययावतनांची दुसरी बाजू जुलै २०२१ मध्ये दिसली. सदोष अद्ययावतनानंतर अनेक वापरकर्त्यांना योग्य पासवर्ड देऊनही आपल्या यंत्रात शिरता येईना. आज्ञावलीत दोन ‘अँड’ चिन्हे हवी असताना एकच पडले होते. दुरुस्ती लवकर झाली, पण तोवर वापरकर्त्यांच्या हातात फारसे काही नव्हते.

भारतातील क्रोमबुक

भारतात एचपी व एसर यांचे क्रोमबुक २०१३ मध्ये आले. २०१५ मध्ये झोलो आणि नेक्सियन या नावांचे क्रोमबुक १२,९९९ रुपयांना विकले गेले, पण २ जीबी रॅमची ही यंत्रे फार काळ टिकली नाहीत. २०२१ मध्ये आसूसने काही स्वस्त मॉडेले आणली. एचपी आणि गूगल यांनी ऑक्टोबर २०२३ पासून चेन्नईजवळील फ्लेक्स कंपनीच्या कारखान्यात क्रोमबुकचे उत्पादन सुरू केले आणि त्यांची किंमत १५,९९० रुपयांपासून ठेवली.

या किमतीला क्रोमबुकचा खरा स्पर्धक नवा विंडोज लॅपटॉप नसून कार्यालयांतून निघालेला वापरलेला लॅपटॉप आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो वा जिल्ह्याच्या ठिकाणचे एखादे दुकान, तेवढ्याच पैशांत जुने पण दणकट व्यावसायिक यंत्र मिळते व त्यावर टॅलीही चालते. त्याची बॅटरी थकलेली असते आणि वजन जास्त असते, हा भाग निराळा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या अशा यंत्रांपुढे प्रश्न उभा राहिला. गूगलने २०२२ मध्ये आणलेली ‘क्रोमओएस फ्लेक्स’ ही प्रणाली त्यांच्यावर मोफत बसवता येते. नेव्हरवेअर या कंपनीच्या ‘क्लाउडरेडी’ या उत्पादनातून ती विकसित झाली असून तिच्यावर अँड्रॉइडची अॅप्स चालत नाहीत. नवे यंत्र घेण्यापूर्वी क्रोमओएस आपल्या घराला मानवते का, हे जुन्या लॅपटॉपवर पाहण्याचा हा बिनखर्ची मार्ग आहे.

खासगीपणा

क्रोमबुकवर गूगल खात्याशिवाय पाहुणा म्हणूनच काम करता येते, त्यामुळे नेहमीच्या वापरात एकाच कंपनीकडे बरीच माहिती जमा होते. डिसेंबर २०१५ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने विद्यार्थ्यांच्या माहितीच्या वापराबाबत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार केली. जुलै २०२२ मध्ये डेन्मार्कच्या माहिती संरक्षण यंत्रणेने हेल्सिंगोर नगरपालिकेच्या शाळांत क्रोमबुक व गूगलच्या कार्यालयीन सेवा वापरण्यास मनाई केली. तेथे आक्षेप यंत्राच्या सुरक्षिततेवर नव्हता. मुलांची माहिती कोठे जाते आणि तिच्या धोक्याचे मूल्यमापन कोणी केले, यावर होता. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील व्यक्तींची माहिती हाताळण्यासाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे.

पुढील वाटचाल

जून २०२४ मध्ये गूगलने क्रोमओएसचा पाया अँड्रॉइडच्या घटकांवर उभारण्याचे जाहीर केले आणि जुलै २०२५ मध्ये दोन्ही प्रणाली एकत्र करण्याचा इरादा कंपनीच्या अँड्रॉइड विभागाच्या प्रमुखांपैकी एक असलेल्या समीर सामत यांनी स्पष्ट केला.